वाचकांचे प्रश्न : गस्ती नौकेचा पंखा कुठे गेला?

प्रश्न : व्हिएतनाम युद्धातील अमेरिकी ‘पीबीआर मार्क २’ या नदी-गस्ती नौकेचा १/३५ प्रमाणातील प्रतिकृतीचा संच मी जोडत आहे. त्यात पंखा आणि सुकाणू दोन्ही सापडत नाहीत. भाग कमी आले असतील का?

उत्तर : नाही, भाग पूर्ण आहेत. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातील उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या कालव्यांत पंखा अडकला असता, म्हणून या नौकेत दोन डिझेल इंजिनांवर चालणारे जलझोत पंप बसवले होते. ते तळातून पाणी ओढून मागे जोराने फेकत आणि त्या झोताची दिशा बदलूनच नौका वळवली जाई. मागच्या फळीवरील दोन तोट्या नीट पाहा, सुकाणूचे काम त्याच करतात.

रंगवताना मात्र एक चूक हमखास होते. मूळ नौका सुमारे ९.७५ मीटर लांब, म्हणजे आपली प्रतिकृती जेमतेम २८ सेंटिमीटर. तिच्यावर हौसेने गंजाचे ओघळ काढले जातात, पण सांगाडा फायबरग्लासचा असल्याने तो गंजत नसे. गंजाऐवजी पाणरेषेवर पातळ केलेल्या मातकट रंगाचा अस्पष्ट पट्टा द्यावा.