दुकानाच्या शाखा भराभर वाढल्या की काउंटरवरच्या माणसांचं काय होतं?

तुमच्या कपड्याच्या दुकानाच्या दोन वर्षांत तीनाच्या नऊ शाखा झाल्या, पूर्वीची माया राहिली नाही, आणि आता तुम्हालाच इचलकरंजीच्या नव्या शाखेचं इन्चार्ज करतायत. घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरात महाद्वार रोडला साडीच्या काउंटरवर अकरा वर्षं काढली. आमच्याकडेही हेच झालं, म्हणून सांगते.

सगळ्यात आधी जातो तो शिकवणारा माणूस. आमच्याकडे एक काका होते. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत त्यांना कळायचं, लग्नाचा बस्ता आहे की नुसतं बघायला आलेत. सांगलीला दुकान उघडलं आणि काकांना तिकडे पाठवलं, दुसऱ्या जाणत्याला कराडला. त्याच नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी थेट दुकानात, आणि माझ्या शेजारी बारा दिवसांपूर्वी लागलेली पोरगी. एका गिऱ्हाइकापुढे तिने तीसेक साड्या उलगडल्या. घडी कशी घालायची हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. काठावर काठ न बसवता दाबून घडी घातली की जरतार मोडते, रेघ उठते, आणि तो माल सेललाच काढावा लागतो. फ्लोअर मॅनेजर तिला सगळ्यांदेखत बोलला. तोही दोन महिन्यांचाच, टार्गेटखाली दबलेला. दिवाळीआधी ती सोडून गेली. तिची चूक नव्हती, हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. अजून लागतं मनाला.

दुसरं म्हणजे उचल. मालक गल्ल्यावर बसायचे तेव्हा आईला दवाखान्यात न्यायचंय म्हटलं की पैसे हातात पडायचे. पुढे त्याच कामाला अर्ज, मग हेड ऑफिस, मग आठ दिवस. मालक वाईट झाले नव्हते, पण इतक्या माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहणार कशी?

वाढ वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. वीस माणसं झाली की पीएफ लागू होतो, आणि त्यासाठी सगळ्या शाखा एकच आस्थापना धरतात. माझा पीएफ शाखा वाढल्यावरच सुरू झाला. प्रश्न वेगाचा आहे. चेन्नईची सुभिक्षा ही किराणा दुकानांची साखळी देशभर सोळाशेच्या आसपास दुकानांपर्यंत पळाली आणि 2009 मध्ये पैशाअभावी बसली. कामगारांचे पगार थकले. डी-मार्टने पहिलं दुकान 2002 मध्ये पवईला काढलं आणि 2017 मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा त्यांची दुकानं शंभराच्या थोडीच वर होती.

तर इन्चार्जपद घ्या, पण आधी तीन गोष्टी लेखी मागा. पहिले तीन महिने एक जाणता माणूस फक्त शिकवायला. सुट्टी आणि छोटी उचल मंजूर करायचा अधिकार तुमच्याकडे. आणि जादा तासांचे दुप्पट पैसे; ते 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातच आहेत. पहिली गोष्ट मिळणार नसेल तर माझं मत, थांबा. नाहीतर तशाच एखाद्या नव्या पोरीला सगळ्यांदेखत बोलायची वेळ तुमच्यावर येईल.

आणखी एक. दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्यांना बसायची सोय केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये कायद्यानेच द्यायला लावली. तुमच्या शाखेचं फर्निचर अजून व्हायचं असेल, तर काउंटरमागे चार स्टूल मावतील एवढी जागा सोडायला सुताराला आजच सांगा.