फिरून आलो, तरी दमलेलेच कसे?

जून उजाडला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. "सुट्टी काढली, पैसे घातले, फोटोही छान आले, पण घरी आल्यापासून आधीपेक्षा जास्त दमलोय. आमच्यातच काही बिघडलंय का?"

पुण्याचं एक कुटुंब असंच आलं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नवरा आयटीत, बायको बँकेत, नववीतली मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. वर्षभर नवरा-बायकोचं बोलणं 'फी भरलीस का' आणि 'आईंच्या गोळ्या आणल्या का' एवढ्यावर आलेलं. म्हणून गाडी काढून सहा दिवसांत कोकण किनारा करायचं ठरलं. ताम्हिणीतून उतरून दिवेआगर, हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर, गणपतीपुळे, मालवण आणि परत येताना आंबोली, कोल्हापूर. नकाशावर ही अंतरं किरकोळ वाटतात. पण किनाऱ्याचा रस्ता म्हणजे वळणं, चढउतार आणि मध्ये आडव्या येणाऱ्या खाड्या. रोज नवी खोली, रोज बॅगा उघडायच्या नि भरायच्या.

काय काय पाहिलंत, हे मी विचारलं नाही. विचारलं, "गाडी कुठे थांबवायची, हे कोण ठरवायचं?"

"हाच," बाई म्हणाल्या. "आणि बाकी सगळं मी." म्हणजे खोल्यांची बुकिंगं, खाऊचे डबे, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा, मुलाच्या उलटीच्या पिशव्या. नवरा गाडी चालवता चालवता कानात इअरफोन घालून ऑफिसचे कॉल घेत होता, हे मला थकव्यापेक्षाही काळजीचं वाटलं आणि तसं मी स्पष्ट सांगितलं. थोडक्यात, घरातली कामाची वाटणी जशीच्या तशी डिकीत भरून नेली होती.

विश्रांतीवर काम करणाऱ्या साबिने सोनेनटाग आणि शार्लोटे फ्रिट्झ यांनी 2007 मध्ये तिचे चार भाग मांडले: कामातून मन सुटणं, शरीर-मन सैलावणं, काही नवं जमणं आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. या घरात चौथा भाग एकाच्याच हातात होता, आणि पहिला कुणाच्याच नाही.

मग प्रत्येकाला वेगळं बसवून विचारलं, बरं कधी वाटलं? तिघांनी एकच ठिकाण सांगितलं: दाभोळची जेट्टी. वाशिष्ठीपलीकडे धोपाव्याला जाणारी फेरीबोट डोळ्यांदेखत सुटली. रस्त्याने जायचं तर चिपळूणचा लांब वळसा, त्यामुळे थांबण्यावाचून इलाज नव्हता. नवरा खाली उतरला, सासूबाईंनी त्याच्या लहानपणीच्या खोड्या काढल्या, मुलगी पोट धरून हसली. कार्यक्रमात नसलेला हा वेळ तेवढा सगळ्यांचा होता.

दिवाळीच्या सुट्टीसाठी मी फार काही सांगितलं नाही. गुहागरला एकाच घरगुती निवासात तीन-चार रात्री राहा. रोज एकाच्या हाती गाडीची सूत्रं, म्हणजे कुठे थांबायचं ते त्या दिवशी तोच सांगणार, सासूबाईसुद्धा. ऑफिसची जबाबदारी निघण्याआधी नाव घेऊन कुणावर तरी सोपवा. आणि परतल्यावर एक दिवस मोकळा ठेवा. रविवारी रात्री अकराला घरी आणि सोमवारी सकाळी लॉगिन, हा हट्ट मला कधीच कळलेला नाही. मुलाच्या उलट्यांवरही साधा उपाय होता. डोळे मोबाइलच्या स्थिर पडद्यावर आणि आतल्या कानाला मात्र वळणं जाणवतायत, या गोंधळातून मळमळ होते. घाटात मोबाइल बंद, नजर समोरच्या रस्त्यावर.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मुलाने त्याच्या दिवशी दिसेल त्या टपरीवर गाडी थांबवली. मुलीने बुकिंगची तारीख चुकवली आणि पहिली रात्र भलत्याच खोलीत, गाद्या घालून काढावी लागली. बाई सांगत होत्या, "माझी जीभ किती वेळा शिवशिवली! पण गप्प बसले." थकवा? होता म्हणाल्या, पण झोपून जाणारा.

असा थकवा झोपूनही आठवडेच्या आठवडे जात नसेल, चिडचिड वाढत असेल, तर मात्र तो प्रवासाच्या माथी मारू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, समुपदेशकाशीही बोला. यांच्यापैकी नवरा आता एकटा येतो. गाडी चालवताना कॉल घेणं त्याने बंद केलंय, पण फोन शांत असला की त्याला धडधडतं. आमचं सध्याचं काम तिथे चालू आहे.