"संडास बांधायला इंजिनिअर झालीस का?"

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून एका आईचं पत्र आलंय. मुलगी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा ती मैत्रिणींबरोबर पाण्याचे जार वाटायला गेली होती. तेव्हापासून एकच धोशा: आपत्तीच्या ठिकाणी पाणी आणि स्वच्छतेचं काम करायचं. काकांनी भर पंगतीत वरचा प्रश्न टाकला. आई विचारतात, यात करिअर आहे की हे नुसतं पुरानंतरचं खूळ?

ताई, नमस्कार.

खूळ असतं तर पुराबरोबरच ओसरलं असतं.

काकांना आधी हिशेब मांडून दाखवा. मदतकार्यात 'स्फिअर' नावाची किमान मानकं जगभर वापरतात. माणशी रोज १५ लिटर पाणी, २५० माणसांमागे एक नळ, २० माणसांमागे एक संडास. ५,००० लोकांची छावणी धरा. रोजचं पाणी ७५,००० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या आठ खेपा. नळ २०, संडास २५०. इथवर गुणाकार-भागाकार झाला, इंजिनिअरिंग यापुढे. खड्डा विहिरीपासून किमान ३० मीटर लांब हवा, पण राहुट्यांपासून इतका लांब नको की बाईमाणूस रात्री जायला धजणार नाही. कडी आतून लागते का? तिथे दिवा आहे का? आणि खड्डे भरले की मैला नेऊन टाकायचा कुठे? हैतीत २०१० च्या भूकंपानंतर काही महिन्यांनी कॉलरा आला, तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरचा मैला नदीत गेल्यामुळे. हजारो माणसं गेली. आता काकांना म्हणावं, संडासाला इंजिनिअर लागतो का ते तुम्हीच सांगा.

आमच्याच सोसायटीतली गोष्ट. पुरात जमिनीखालच्या टाकीत गढूळ पाणी शिरलं. टाकी उपसायच्या आधीच उत्साही मंडळींनी हाताच्या अंदाजानं ब्लीचिंग पावडर ओतली. वास असा की कुणी घोटभर पिईना. दुसऱ्या दिवशी क्लोरोस्कोप, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायचा छोटा संच आणला, नळीत खुणेपर्यंत पाणी घेतलं, ओटी (ऑर्थोटोलिडिन) या रसायनाचे थेंब टाकले. क्लोरीन उरलं असतं तर पिवळी छटा यायला हवी होती, पण पाणी जसंच्या तसं. सगळं क्लोरीन गाळानंच खाल्लं होतं. खरं तर आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी घेऊन मग क्लोरीन, अर्धा तास थांबायचं, आणि लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उरलंय का ते पाहायचं. हे मला त्या दिवशी कळलं, पन्नाशी उलटल्यावर. तुमच्या लेकीला विसाव्या वर्षीच त्याची ओढ लागलीय.

तरीही पदवी हातात पडताच तिनं एखाद्या संस्थेत उडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोनेक वर्षं साध्या पाणीपुरवठ्यात काढू दे: पाइपलाइन, पंप, व्हॉल्व्ह, ठेकेदाराशी हुज्जत. पूर आल्यावर शिकायला वेळ कुणाकडे असतो? गुजरातेत 'वास्मो' ही पाणी-स्वच्छतेची सरकारी संस्था २००२ पासून गावोगावच्या पाणी समित्यांबरोबर काम करते, तिथली कामं तिनं पाहावीत. मग मास्टर्स. वडोदऱ्याच्याच एम. एस. युनिव्हर्सिटीत पर्यावरण अभियांत्रिकी घरी राहूनच होईल. माणसांची बाजू जास्त ओढत असेल तर मुंबईच्या 'टिस'मध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आपत्ती व्यवस्थापन आहे. पुण्याची 'रेडआर इंडिया' ही संस्था या क्षेत्रातली छोटी प्रशिक्षणं घेते, नोकरी करता करता होण्यासारखी.

नोकरीची शाश्वती विचाराल तर तिथं मी गोड बोलणार नाही. बरीचशी कामं प्रकल्पापुरती असतात. करार संपला की पुन्हा शोधाशोध. लग्नाच्या बोलणीत हे समजावताना तुमचीही दमछाक होईल. पण घरी मराठी, बाहेर गुजराती, कॉलेजात हिंदी-इंग्रजी हा तुमच्याकडचा रोजचा प्रकार छावणीत फार उपयोगी पडतो. नळावरच्या रांगेत बायका काय कुजबुजतात ते जिला कळतं, तिला नळ कुठं बसवायचा तेही कळतं.

येत्या उन्हाळ्यात महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात इंटर्नशिपसाठी प्रयत्न करू दे. अर्ज फेब्रुवारीतच द्या. मे महिन्यात सही करणारे साहेब हमखास रजेवर असतात.