लॉगिन स्क्रीनवरचा ‘एक्स-ऑर्ग’ पर्याय कुठे गेला?

प्रश्न : उबंटू २५.१० ही लिनक्स कार्यप्रणाली बसवल्यापासून लॉगिन स्क्रीनवर ‘उबंटू ऑन एक्स-ऑर्ग’ हा पर्याय दिसत नाही. तो का काढला, आणि परत मिळेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाव निवडल्यावर उजव्या कोपऱ्यात खाली येणाऱ्या दातेरी चाकाच्या चिन्हात हा पर्याय असे. एक्स-ऑर्ग म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या एक्स-११ या जुन्या पद्धतीचे सॉफ्टवेअर. सप्टेंबर २०२५मध्ये आलेल्या जीनोम ४९मध्ये (जीनोम म्हणजे उबंटूचा नेहमीचा डेस्कटॉप) एक्स-११वरचे सत्र मुळातच बंद ठेवण्यात आले आणि उबंटूने ते २५.१०मधून वगळले. एक्स-११मध्ये एका खिडकीत टंकलेला मजकूर दुसऱ्या प्रोग्रामला सहज वाचता येतो, तिच्या जागी आलेल्या वेलँड या नव्या पद्धतीत तसे होत नाही; शिवाय दोन्ही पद्धती सांभाळण्याचा भार विकासकांवर पडत होता. कारणे मला पटतात. तरीही घोषणा काही महिने आधी होऊनही लॉगिन स्क्रीनवर त्याविषयी एक ओळही नसावी, ही तुमच्यासारख्यांची तक्रार मला रास्त वाटते, कारण घोषणा वाचणारे थोडे आणि रोज संगणक उघडणारे पुष्कळ असतात.

जुने प्रोग्राम वेलँडमध्ये एक्स-११चे प्रोग्राम चालवून देणाऱ्या एक्स-वेलँडच्या आधारे बहुधा चालतात, म्हणून आधी तेच तपासावे. स्क्रीन टिपणारे किंवा कळफलक आपोआप चालवणारे एखादे साधन अडत असेल, तर एक्सएफसीई हा दुसरा डेस्कटॉप बसवून त्याच चिन्हातून त्याचे सत्र निवडता येते. जीनोमच हवे असल्यास २०२९पर्यंत अद्यतने मिळणारे उबंटू २४.०४ घ्यावे, त्यात हा पर्याय आहे. मात्र मागच्या आवृत्तीकडे थेट उतरता येत नसल्याने फाइलींची प्रत काढून ते नव्यानेच बसवावे लागेल.