जुना स्टॉक घ्यायचा का नवीन मॉडेलसाठी थांबायचं? इलेक्ट्रिक गाडीवर वाचकांचे प्रश्न

नवीन वर्ष लागलं की गाड्यांची पत्रं वाढतात आणि यंदा त्यात इलेक्ट्रिकची बरीच आहेत, जळगाव-धुळे-नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून. सगळी छापता येणार नाहीत म्हणून सारख्या विषयाची एकत्र केली आणि पाच निवडली.

प्रश्न: मी अमळनेरला राहतो, पारोळ्याजवळच्या शाळेवर शिक्षक आहे, रोजचं जाणं-येणं. शोरूमवाला म्हणतो गेल्या वर्षी बनलेली इलेक्ट्रिक गाडी शिल्लक आहे, पंधरा लाखाच्या आसपासची, ऐंशी हजार सूट देतो, नवीन वर्षाची महागच येणार म्हणून लगेच बुक करा. घरचे म्हणतात आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर घेऊ. काय करावं?
— एक शिक्षक, अमळनेर

उत्तर: सर, "नवीन वर्षाची महागच येणार" हे पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांचं गणित आहे, तिथं दर जानेवारीत भाव थोडा तरी चढतोच. इलेक्ट्रिकमध्ये गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीचा असतो आणि बॅटरीतल्या सेलचे भाव जगभर उतरत आलेत, म्हणून इथं नवीन मॉडेल आधीपेक्षा स्वस्त आणि वर बॅटरी मोठी असंही होतं. नेक्सॉन ईव्हीचंच बघा. जानेवारी २०२३ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही४०० १५.९९ लाखाला आली आणि दोनच दिवसांत टाटानं नेक्सॉन ईव्हीचा सुरुवातीचा भाव १४.९९ वरून १४.४९ लाखावर आणला. सप्टेंबर २०२३ ला नवा चेहरा आला तेव्हा १४.७४ पासून, आणि पाच महिन्यांत, फेब्रुवारी २०२४ ला, बॅटरी सेल स्वस्त झाले असं सांगून वेगवेगळ्या व्हेरियंटवर १.२० लाखापर्यंत कमी केले. त्याच सप्टेंबरात परत सुरुवातीचा भाव १२.४९ लाख, आणि ४०.५ च्या वर ४५ किलोवॅट-अवरची मोठी बॅटरी आली. ज्यांनी आदल्या दिवाळीत पूर्ण भाव देऊन गाडी घेतली त्यांना किती लागलं असेल बघा.

उलटंही होतं, तेही सांगतो. टियागो ईव्ही २०२२ ला ८.४९ लाखाला आली पण तो भाव पहिल्या काही हजार ग्राहकांपुरता होता, नंतर वाढला, आणि फेब्रुवारी २०२४ ला ७.९९ वर आला. एमजीची विंडसर प्रो मे २०२५ मध्ये १७.४९ लाखाला आली, पहिल्या ८,००० बुकिंगपर्यंत, ती बुकिंगं एका दिवसात भरली आणि भाव साठेक हजारानं वर गेला. म्हणजे "सुरुवातीची किंमत" असं लिहिलं असेल तर घाईला कारण आहे. जुन्या स्टॉकला मात्र घाई तुम्हाला नाही, शोरूमवाल्याला आहे.

म्हणून तुम्ही सूट मोजताना गेल्या वर्षीच्या भावातून मोजू नका. त्याला विचारा, आज नवीन बनलेली हीच गाडी, हाच व्हेरियंट, किती? समजा तीच ऐंशी हजारानं उतरलेली असेल तर तुम्हाला सूट काहीच मिळाली नाही, उलट एक वर्ष जुनी गाडी मिळाली. आरसी बुकवर बनल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, चार-पाच वर्षांनी विकायला काढाल तेव्हा घेणारा पहिलं तेच बघेल, तुम्ही कधी घेतली ते नाही. बुकिंगच्या आधीच चॅसिस नंबर लेखी मागा आणि त्यावरून बनल्याचा महिना काढून घ्या. टायरवरही चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, ते वाचा. गाडी यार्डात किती महिने उभी होती, मधे चार्ज करत होते का, १२ व्होल्टची छोटी बॅटरी बदलून देणार का, सॉफ्टवेअर आजच्या तारखेपर्यंत अपडेट करून देणार का, हे सगळं पैसे द्यायच्या आधी.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे बदल कशात झालाय ते बघा. मोठी स्क्रीन, स्टिअरिंगवर लाइट लागणारा लोगो, नवीन रंग, एवढंच असेल तर जुना स्टॉक बिनधास्त घ्या, पण नवीन भावापेक्षा निदान लाख-सव्वा लाख खाली. बॅटरीची साइज, चार्जिंगचा वेग, एअरबॅग किंवा वॉरंटी बदलली असेल तर आखाजीपर्यंत थांबा, या चार गोष्टी नंतर पैसे देऊनही बसवता येत नाहीत. सॉफ्टवेअरमधून येणारी गोष्ट जुन्या गाडीलाही मिळू शकते, २०२३ ला नेक्सॉन ईव्ही मॅक्सची रेंज ४३७ वरून ४५३ किलोमीटर केली तेव्हा आधी घेतलेल्यांनाही फेब्रुवारीपासून सर्व्हिस सेंटरला अपडेट मिळालं होतं.

अजून एक, दहा लाखाच्या वरच्या गाडीवर बिलात एक टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच घेतला जाणारा इन्कम टॅक्स, लावतात. पंधरा लाखावर पंधरा हजार झाले. ते तुमच्या पॅनवर जमा होतात, रिटर्न भरताना वळते करून घ्या, बरेच नोकरदार विसरूनच जातात.

प्रश्न: राम राम. चोपड्याकडं केळी आणि कपाशी आहे. माले गाडी लेवानी शे, पण नवीन मॉडेलात गाडीतून बाहेर करंट घेता येतो म्हणतात त्याच्यासाठी. लाइट गेली की शेतातली पाच एचपीची मोटर गाडीवर चालंल का? आणि शेतातल्याच मीटरवर गाडी चार्ज केली तर?
— एक शेतकरी, चोपडा तालुका

उत्तर: राम राम भाऊ. मोटर चालणार नाही, आणि कुणी "चालून जाईल" म्हणालं तरी करून बघू नका. या सोयीला व्ही टू एल म्हणतात, नेक्सॉन ईव्हीत २०२३ च्या बदलात आली. विंडसरमध्ये २०२४ ला नव्हती, २०२५ च्या प्रोमध्ये दिली, त्यामुळं जुना स्टॉक घेताना ही आहे का ते नक्की बघा. पण गाडीतून निघतो तो घरच्यासारखा सिंगल फेज करंट, साधारण तीन किलोवॅटच्या आसपास. तुमची पाच एचपीची मोटर म्हणजेच पावणेचार किलोवॅट झाली, ती बहुतेक थ्री फेजची असणार, आणि सुरू होताना मोटर काही पट जास्त करंट ओढते. घरातले पंखे, लाइट, फ्रिज, टीव्ही, मोबाइल, छोटी फवारणीची बॅटरी चार्ज करणं, हे आरामात होतं. गावात रात्र रात्र लाइट जाते तिथं त्याचा उपयोग खराच आहे, पोरांच्या परीक्षा असतात, म्हातारी माणसं असतात, उकाड्यात पंखा लागतो.

शेतीच्या मीटरवर गाडी लावू नका भाऊ. तो दर पिकाला पाणी द्यायला सवलतीत दिलेला आहे, दुसऱ्या कामाला वापरला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते. घरच्या मीटरवरच चार्ज करा. गच्चीवर जागा असेल तर पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या सोलरला ७८,००० रुपये अनुदान आहे, आपल्याकडं उन्हाची कमी नाही आणि गाडी दुपारी घरी उभी राहत असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही.

प्रश्न: नवीन माहितीपत्रकात रेंजचे दोन-दोन आकडे दिसतात, एक मोठा आणि एक लहान, आणि एका गाडीची बॅटरी तीच असून आकडा कमी छापलाय. फसवणूक आहे का? आणि आमच्या भुसावळच्या मे महिन्यात त्यातले खरे किती उरतील?
— निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर: काका, फसवणूक नाही, मोजायची पद्धत बदलली. आधी चाचणीतला फक्त शहरातल्या हळू वेगाचा भाग मोजून आकडा छापायचे, आता हायवेच्या वेगाचा भागही धरतात, त्यामुळं तीच बॅटरी असून आकडा लहान दिसतो आणि तो जास्त प्रामाणिक आहे. जुन्या पत्रकातला आकडा नवीनशी लावून "आधीचीच बरी होती" असं म्हणू नका. आणि दोन्हीतला कमी आकडा तुमचा समजा. नेक्सॉन ईव्ही ४५ ची चाचणीतली रेंज ४८९ आहे पण कंपनी स्वतःच रोजच्या वापरात ३५० ते ३७० सांगते.

आता भुसावळचा मे. पंचेचाळीस डिग्रीत एसी फुल लावून हायवेला शंभरनं पळवली तर त्या ३५० मधूनही कमी होणार, मी तीनशेच्या आतच हिशोब धरायला सांगीन. तुमचं काम जळगावला जाणं-येणं असेल तर पन्नास-साठ किलोमीटरच्या आत झालं, कुठलीही गाडी चालेल. अजिंठ्याच्या घाटातून संभाजीनगर असेल तर घरून फुल चार्ज करून जा, तिथं जेवणाच्या वेळेला चार्जिंग लावा. घाट चढताना आकडा झपझप उतरतो, बघून घाबरू नका, उतारावर ब्रेकची ताकद परत बॅटरीत जाते, सगळी नाही पण बऱ्यापैकी येते.

उन्हाचा प्रश्न रेंजपेक्षा बॅटरीच्या आयुष्याचा जास्त आहे. आपल्या भागात पाण्यासारख्या कूलंटनं थंड होणारी बॅटरीच घ्या, नुसत्या हवेवर थंड होणाऱ्या गाड्या जुन्या स्टॉकमध्ये चांगल्या सवलतीत मिळतील, तरी मी खान्देशात घेऊ देणार नाही. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर अजून चांगलं, ती उष्णता जास्त सोसते. दुपारी हायवेवरून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत उभी करा, रात्री लावा. निघायच्या आधी प्लग लावलेला असतानाच एसी चालू करून गाडी गार करून घ्या, तो खर्च बॅटरीतून जात नाही. आणि नवीन मॉडेलात वरच्या व्हेरियंटला काचेचं छप्पर देतात त्याला जास्त पैसे देऊ नका काका, मे महिन्यात त्याच्याखाली बसवणार नाही. तेच पैसे थंड हवेच्या सीटला द्या, पाठीला हवा लागली की एसी कमीवर भागतो.

प्रश्न: बॅटरी भाड्यानं घेतली तर गाडी साडेतीन लाखानं स्वस्त पडते असं सांगतात. माझं शहाद्यात शिलाईचं दुकान आहे, महिन्यातून दोनदा नंदुरबार आणि एखाद्वेळी सुरतला माल आणायला जाते. घ्यावी का?
— एक वाचक भगिनी, शहादा

उत्तर: ताई, नका घेऊ. ही पद्धत विंडसरनं सप्टेंबर २०२४ ला आणली तेव्हाचा हिशोब बघा. बॅटरीसकट १३.५० लाख, बॅटरी सोडून ९.९९ लाख आणि वर किलोमीटरमागं साडेतीन रुपये. फरक ३.५१ लाखाचा, म्हणजे एक लाख किलोमीटर झाले की तेवढेच पैसे भरून झाले, आणि चार्जिंगचं बिल वेगळं. तुम्ही कमी फिरता म्हणून किलोमीटरवर पैसे देणं स्वस्त वाटेल, पण यात दर महिन्याला किमान ठरावीक किलोमीटरचे पैसे धरतात, गाडी दारात उभी असली तरी. तुमच्या वापरात तो किमान आकडाच भरत बसाल. नवीन वर्षात हा किलोमीटरचा दर बदललेला असू शकतो म्हणून जो कागद देतील त्यात तीन गोष्टी वाचा: दर, किमान किलोमीटर, आणि गाडी विकायची झाली तर राहिलेल्या बॅटरीचं काय.

पूर्ण गाडी घेणार असाल तर एक सांगतो. आता नेक्सॉन ईव्ही ४५ सारख्या गाड्यांना बॅटरीची "लाइफटाइम" वॉरंटी आहे, ती पहिल्या मालकापुरती असते आणि टाटाच्या कागदात लाइफटाइम म्हणजे १५ वर्षं. आपल्याकडं गाडी सासऱ्यांच्या नावानं घ्यायची आणि मग मुलाच्या नावावर करायची अशी रीत आहे, तसं केलं की मालक बदलतो. जो चालवणार त्याच्याच नावावर घ्या, किंवा घरातल्या घरात नाव बदललं तर वॉरंटी राहते का ते लेखी घ्या.

प्रश्न: जीएसटी कमी झाल्यावर पेट्रोल गाडी इतकी उतरली की आता इलेक्ट्रिक घेण्यात अर्थ राहिला का? आणि लोनच्या व्याजावर टॅक्समध्ये दीड लाख सूट आहे असं सेल्समन म्हणतो.
— एक व्यापारी, धुळे

उत्तर: व्याजाची सूट ८०ईईबी कलमात होती, ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या लोनला. आता घेतलेल्या लोनला नाही, सेल्समनला तारीख दाखवा.

जीएसटीचं खरं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांना २८ टक्के आणि वर सेस होता तो १८ झाला, नेक्सॉन पेट्रोल १.५५ लाखापर्यंत उतरली, इलेक्ट्रिक आधीच ५ टक्क्यात होती म्हणून ती तिथंच राहिली. पण तुम्ही एक्स-शोरूम भाव लावून बघताय, ऑन-रोड लावा. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखाच्या पेट्रोल गाडीला आरटीओचा टॅक्स १२ टक्के आहे, इलेक्ट्रिकला माफ आहे. अकरा लाखाच्या पेट्रोल गाडीवर १.३२ लाख टॅक्स चढला, तेरा लाखाच्या इलेक्ट्रिकवर शून्य, म्हणजे दोन लाखाचा फरक सत्तर हजाराच्या आत आला. पेट्रोल १०५ रुपये आणि पंधराचं अॅव्हरेज धरलं तर किलोमीटरला सात रुपये, घरचं युनिट बारा रुपये धरलं आणि युनिटला सहा किलोमीटर तर दोन रुपये. किलोमीटरमागं पाच वाचले की चौदा हजार किलोमीटरमध्ये तो फरक फिटतो. व्यापारासाठी शिरपूर, साक्री, मालेगाव करत असाल तर वर्षाच्या आतच होईल. टोलचं मात्र मनात धरू नका, मुंबईत अटल सेतूवर माफ आहे, आपल्या नाशिक रस्त्यावर भरावा लागतो.

दारात पार्किंग नसेल, दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत असाल आणि रोज बाहेरच्या चार्जरवरच भागवायचं असेल तर पेट्रोलच घ्या, बाहेरचा दर घरच्यापेक्षा बराच जास्त असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. स्वतःचं घर असेल तर गाडी बुक करायच्या आधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासा आणि मीटरचा मंजूर लोड किती ते बिलावर बघा, ७.२ किलोवॅटचा चार्जर लावायचा तर लोड वाढवून घ्यावा लागेल, तो अर्ज गाडी यायच्या आधीच टाका.