वाताहत कशाची होते?

फोंड्याहून एकाने विचारले आहे: 'वादळात कुळागराची वाताहत' असे बातमीत वाचले. हे बरोबर, की 'नासधूस' हवे होते? आणि वाताहत, धूळधाण, वाटोळे यांत फरक काय?

बातमीतले बरोबर आहे. वात म्हणजे वारा, आहत म्हणजे मार बसलेले. वाऱ्याने झोडपलेले ते वाताहत. संस्कृतात हे विशेषण. मराठीत आल्यावर ते स्त्रीलिंगी नाम झाले आणि वाऱ्याची अटही गेली. उरला तो अर्थ एवढाच, की जागच्या जागी असलेले सगळे अस्ताव्यस्त विखुरले. म्हणूनच कुळागराला, म्हणजे गोव्याकडच्या पोफळीच्या बागेला, हा शब्द बसतो. पोफळीवर मिरवेल चढवलेली, खाली केळी, मधून पाण्याचे पाट. पोफळ मोडली की वेल घेऊन पडते, केळींवर आदळते, पाट तुंबतो. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा जिथे असे झाले, तिथे वाताहत झाली. नुसता एक माड आडवा झाला तर माड पडला म्हणावे, उगाच वाताहत कशाला? नासधूस मात्र कोणीतरी करावी लागते. गवे शिरून करतात ती नासधूस.

जुने गोवे या पोर्तुगीजांच्या जुन्या राजधानीत हा भेद छान दिसतो. साथींनी लोक शहर सोडत गेले, १७५९ मध्ये व्हाइसरॉयचा मुक्काम पणजीला हलला, १८४३ मध्ये राजधानीही पणजी झाली. ती शहराची वाताहत. संत ऑगस्टीनच्या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले, त्याला पडझड म्हणायचे. आणि २०१९च्या जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपची वाट धरली, तेव्हा विधिमंडळ पक्षाची झाली तीही वाताहतच; वारा कुठून आला ते ज्याने त्याने ठरवावे.

वाटोळे वेगळे. त्यात बोट दाखवायला माणूस लागतो: 'लाडाने पोराचे वाटोळे केलेस.' वाटोळे बहुधा कोणी तरी करतो, वाताहत आपसूक होते. 'शत्रूने सैन्याची वाताहत केली' हे चुकीचे नाही, पण माझ्या कानाला 'सैन्याची वाताहत झाली' जास्त बरे लागते. धूळधाण त्याहून पुढची, ती उडते. वाताहतीनंतर गोळा करायला काही तरी असते, धूळधाणीत तेही नाही. बोजवाऱ्याचा मान योजनांना आणि वाहतुकीला.

लिहिताना 'वाताहात' करू नका, त्यात हात नाही. शिवाय हा छापील मराठीतला शब्द. म्हापशाच्या बाजारात अवकाळी पावसाने मिरच्या भिजल्या, तर मराठी काय नि कोकणी काय, तोंडून येते ते 'वाट लागली'. संवाद लिहीत असाल तर तेच ठेवा.