गुहांत उतरणाऱ्याने फॉरबिडन कॉर्नरला जावं का?

प्रश्न: मी लीड्सला राहतो आणि क्लबबरोबर यॉर्कशायर डेल्समधल्या गुहांत उतरतो. सुट्टीत बहीण आणि दहा वर्षांची भाची येत आहेत. भाचीला मिडलहॅमजवळच्या फॉरबिडन कॉर्नर या भुयारांच्या, भूलभुलैयाच्या बागेत जायचंच आहे. खऱ्या गुहा पाहिलेल्या माणसाला त्या बांधीव भुयारांत काय मिळणार? भूलभुलैयात एक हात भिंतीला लावून चालत राहिलं की वाट सापडते म्हणतात, ते तिथे चालेल का? आणि भाचीला गुहा झेपेल की नाही, हे तिथे कळेल का?
– एक वाचक

उत्तर: अवश्य जा, आणि घाईत जाऊ नका. मीही गुहांतलीच, आणि ती चार एकरांची बाग मला मनापासून आवडते.

आधी हाताचं. ही युक्ती कधी लागू पडते, तर सगळ्या भिंती एकमेकींना जोडलेल्या असतील तेव्हा. हॅम्प्टन कोर्टच्या सतराव्या शतकाअखेरच्या झुडपी भूलभुलैयात ती तुम्हाला मध्यापर्यंत नेते. लाँगलीटच्या 1975 च्या भूलभुलैयात पूल आहेत, तिथे मध्य गाठण्याची खात्री राहत नाही. फॉरबिडन कॉर्नरमध्ये तर वाट जमिनीखाली जाते, भलत्याच कोपऱ्यात वर येते, मध्येच दार लागतं. हात भिंतीवर टिकणार तरी कसा? त्यापेक्षा आपली गुहेतली सवय वापरा: प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून बघायचं. परतताना तोच फाटा वेगळा दिसतो, हे तुम्हाला सांगायला नको.

बाकीची विद्या मात्र तिथे चालत नाही, आणि खरी गंमत तीच आहे. गुहेत आपण पाण्याचा माग काढतो. चुनखडीतल्या कोणत्या भेगेतून ते शिरलं, कुठल्या थरावर पसरलं, हे भिंती सांगतात. भिंतीवरचे शिंपल्यासारखे खळगे लहान असतील तर पाणी वेगाने वाहत होतं, मोठे असतील तर संथ. गार झुळूक आली की पुढे पोकळी असावी असं आपण धरून चालतो. टपगिल पार्कमधल्या त्या बागेत पाण्याने काहीच ठरवलेलं नाही. कॉलिन आर्मस्ट्राँग यांनी वास्तुरचनाकार माल्कम टेम्पेस्ट यांच्या साथीने ती आधी घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी उभी केली. लोकांसाठी ती खुली झाली 1990 च्या दशकात. ढेकर देणाऱ्या राक्षसी तोंडातून आत शिरलात की पुढच्या प्रत्येक वळणावर कुणीतरी तुमचा विचार करून ठेवलेला असतो: इथे हा थबकेल, इथे डावीकडे बघेल, तेवढ्यात पाण्याची चिळकांडी उडवू. मी तिथे सारखी त्या माणसाच्या डोक्यात शिरायला बघते. इतकं लक्ष देऊन चालणं मला एरवी फक्त गुहेतच जमतं.

बंद वाटांकडे खास बघा. कुठेच न जाणारे रस्ते तिथे मुद्दाम केले आहेत. भिंत आली की संपलं, पलीकडे काही नाही. गुहेत वाट संपते ती आपल्यापुरती. डेल्समधल्या गेपिंग गिल या खोल उभ्या गुहेत कोसळणारं फेल बेक ओढ्याचं पाणी खाली क्लॅपहॅमकडे, इंगलबरो केव्ह या गुहेच्या शेजारी बाहेर पडतं. फ्रेंच गुहाशोधक मार्टेल 1895 मध्ये दोराच्या शिडीने गेपिंग गिलच्या तळाला पोचला, पण या दोन गुहांमधून माणूस आरपार गेला तो थेट 1983 मध्ये. पाण्याला वाट होतीच. त्या बागेतल्या एखाद्या बंद भिंतीसमोर उभं राहून भाचीला ही गोष्ट सांगा. फरक तिला चटकन कळेल.

तिला गुहा झेपेल का, हे मात्र तिथे कळणार नाही. अंधारे कोपरे आहेत, अचानक आवाज येतात, पण दार कधीच फार लांब नसतं. आपल्या गुहांतला बारमाही आठ-नऊ अंशांचा गारठा, चिखल, ओले गुडघे, तीन तास आत आल्यावर तेवढंच परतायचं असणं, यातलं तिथे काही नाही. त्यासाठी तिला दिवे लावलेल्या इंगलबरो केव्हला न्या. ती 1837 पासून लोकांसाठी खुली आहे. नाहीतर 1860 मध्ये शिशाच्या खाणकामगारांना सापडलेली स्टंप क्रॉस ही गुहा आहे. तिथे तिने स्वतःहून ‘आणखी आत काय आहे?’ विचारलं, तर क्लबमधल्या कुणाशी बोला. ती मे अखेरीला किंवा ऑगस्टमध्ये येणार असेल, तर गेपिंग गिलवर क्लब विंच, म्हणजे माणसांना खाली-वर नेणारं दोराचं यंत्र, लावतात. पाळण्यात बसून जवळजवळ 98 मीटर खाली जाता येतं. वय आणि तारखा आधी विचारून घ्या.

हेडटॉर्च घरीच ठेवा. तिथला काळोख कुणीतरी विचार करून घडवला आहे, त्यावर उजेड पाडू नका. कपड्यांचा एक जोड जास्तीचा घ्या. तिकीट ठरावीक वेळेचं असतं आणि आधीच काढावं लागतं. आत नकाशा देत नाहीत, शोधायच्या गोष्टींची यादी देतात. ती भाचीच्या हातात द्या, वाटा तिला निवडू द्या आणि तुम्ही मागून चाला.